डेव्हिड जोन्स, पण कुठला? वेल्समधल्या घराण्याच्या शोधाबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी माझ्या वेल्श सासरच्या मंडळींची वंशावळ शोधताना झालेली फजिती लिहिली होती, त्यावर एवढे ईमेल येतील असं वाटलं नव्हतं. वेल्समध्ये राहणारे आहेत, वेल्शशी लग्न केलेले आहेत, आणि एकजण तर नुसता तिकडे घर घेऊन बसलाय आणि आता त्या घराने त्याला पछाडलंय. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, म्हणून सारखे सारखे येणारे प्रश्न घेतलेत. नावं कोणाचीच छापत नाहीये.

ताई, माझ्या बायकोचे पणजोबा डेव्हिड जोन्स, १८८० च्या आसपास कारमार्थनशायरमध्ये जन्म. सर्च केलं की शेकड्यांनी डेव्हिड जोन्स येतात. सुरुवात कुठून करू? (स्वॉन्झीहून एक वाचक)

अहो, तुम्ही एकटे नाही. वेल्समध्ये जोन्स, डेव्हिस, विल्यम्स, इव्हान्स, थॉमस एवढी पाच आडनावं घेतली तरी अर्धं गाव उभं राहतं. त्यात पहिली नावंही तीच तीच, डेव्हिड, जॉन, विल्यम, मेरी, मार्गारेट. म्हणून पहिली गोष्ट मनात पक्की करा, तिथे नावावरून माणूस सापडत नाही, घरावरून सापडतो. शेताचं नाव, घराचं नाव, चॅपलचं (म्हणजे सरकारी चर्चपासून वेगळ्या झालेल्यांच्या प्रार्थनाघराचं) नाव, हे ज्या कागदावर असेल तो कागद सोन्याचा.

मी स्वतः काय केलं ते सांगते म्हणजे तुम्ही करणार नाही. माझ्या नवऱ्याचे खापरपणजोबा विल्यम इव्हान्स, सुतार, बायको मेरी. मला इंडेक्समध्ये विल्यम इव्हान्स मिळाला, जनगणनेत सुतार मिळाला, बायको मेरी मिळाली, मी खूश. सहा महिने त्या माणसाच्या मागे गेले, त्याचे आईबाप काढले, आजोबा काढले, सर्टिफिकेटांवर पैसे घातले, सासूबाईंना झाड काढून फ्रेम करून दिलं. मग एक दिवस चॅपलचा जुना वार्षिक अहवाल हातात आला, त्यात वर्गणीची यादी, प्रत्येकाच्या नावापुढे घराचं नाव आणि त्याने दिलेले शिलिंग-पेन्स. तर त्यात विल्यम इव्हान्स दोन! एक पेन-अ-ब्रिनचा, एक टिन-अ-कोएडचा. दोघं सुतार, दोघांच्या बायका मेरी, एकाच पॅरिशमध्ये, म्हणजे एकाच चर्चच्या हद्दीत. आमचा टिन-अ-कोएडचा. फ्रेम अजून माळ्यावर आहे.

तर तुम्ही आजपासून मागे मागे जा, उडी मारू नका. १९२१ ची जनगणना आता खुली आहे, त्यात माणूस कुणाकडे कामाला होता तेही लिहिलेलं असतं. मग १९११, ती घरातल्या कर्त्या माणसाने स्वतःच्या हाताने भरलेली आहे, अक्षर बघताना अंगावर काटा येतो, आणि त्यात लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं झाली, त्यातली किती गेली हे विचारलेलं आहे. १८९१ पासून वेल्समध्ये भाषेचा रकाना आला, कोण वेल्श बोलतं, कोण इंग्लिश, कोण दोन्ही. एका घरात आजी फक्त वेल्श, नातू दोन्ही, असं दिसलं की पुढचं सगळं कळतं. १९३१ च्या नादी लागू नका, ती १९४२ मध्ये आगीत जळाली, आणि १९४१ ला युद्धामुळे जनगणना झालीच नाही. मधली पोकळी भरायला सप्टेंबर १९३९ चं घरोघरच्या माणसांच्या नोंदीचं रजिस्टर आहे.

जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून. जनरल रजिस्टर ऑफिसचा ऑनलाइन इंडेक्स फुकट बघता येतो, आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे त्यात जन्माच्या नोंदीपुढे आईचं माहेरचं आडनाव आहे. आता डेव्हिड जोन्स शेकड्यांनी असले तरी ज्याच्या आईचं माहेर जोन्स नसून काहीतरी जरा वेगळं आहे असे थोडेच उरतात. आणि डेव्हिडला सोडा, त्याची भावंडं शोधा. एखाद्या बहिणीचं नाव विचित्र असेल, हेफझिबा वगैरे, तर ती एकटी अख्खं कुटुंब पकडून देते. लग्नाच्या दाखल्यावर वडिलांचं नाव आणि धंदा असतो. आईचं नसायचं बरं का, आईचं नाव त्या दाखल्यावर यायला मे २०२१ उजाडावं लागलं. १८४ वर्षं! असो.

पॅरिशच्या रजिस्टरमध्ये मुलगा इव्हान थॉमस, बाप थॉमस रीस, आजोबा रीस डेव्हिड. मी चुकीच्या घरात शिरलेय का? की लिहिणाऱ्याने गडबड केलीय?

कोणीच गडबड केली नाही, तुम्ही बरोबर घरात आहात. हे मराठी माणसाला समजायला सगळ्यात सोपं पाहिजे, आपण नावापुढे बापाचं नाव लावतोच की. फक्त त्यांच्याकडे बापाचं नाव हेच शेवटचं, आडनाव नावाची भानगड नव्हती. जुन्या कागदांत मध्ये ‘आप’ असतं, म्हणजे ‘चा मुलगा’, स्वरापुढे त्याचं ‘आब’ होतं, मुलीसाठी ‘वेर्ख’. मग हे आप-आब नावाला चिकटले आणि त्यातून आडनावं झाली. आप हवेलचा पॉवेल, आप रीसचा प्राइस, आप ह्यूचा प्यू, आप हॅरीचा पॅरी, आब ओवेनचा बोवेन, आब इव्हानचा बेव्हन. एकदा हे कळलं की वेल्श टेलिफोन डिरेक्टरी वाचायला मजा येते.

बड्या जमीनदार घरांनी सोळाव्या शतकातच इंग्लिश पद्धतीचं कायमचं आडनाव घेतलं, कारण १५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडला जोडला गेला आणि कोर्टकचेऱ्या इंग्लिशमध्ये गेल्या. साध्या शेतकऱ्याने मात्र अठराव्या शतकातही जुनंच चालवलं, वायव्येकडच्या डोंगराळ भागात तर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत. त्यामुळे तुम्ही मागे जाताना आडनाव एका पिढीत अचानक हलायला लागतं, ती पिढी कोणती ते शोधायचं. एकाच बापाची दोन मुलं, एकाने जुनी पद्धत ठेवली आणि एकाने बापाचंच आडनाव पुढे नेलं, असंही सापडतं. आणि बायका लग्नानंतरही माहेरचंच नाव लावायच्या बऱ्याच ठिकाणी, त्यामुळे विधवेचं मृत्युपत्र नवऱ्याच्या आडनावाने शोधाल तर हात हलवत परत याल.

मृत्युपत्रांवरून आठवलं, १८५८ च्या आधी ही कामं चर्चच्या कोर्टात व्हायची आणि वेल्समधल्या त्या कोर्टांतली मृत्युपत्रं ॲबरिस्टविथच्या नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्सने स्कॅन करून फुकट ऑनलाइन ठेवलीत. दीड लाखाच्या वर आहेत. नक्की बघा. बापाने सगळ्या मुलांची नावं लिहिलेली असतात, लग्न झालेल्या मुली जावयासकट, म्हणजे तुमचा इव्हान, थॉमस, रीस हा गुंता एका पानात सुटू शकतो. एखाद्या मुलाला फक्त एक शिलिंग दिलेला दिसला की लगेच ‘बापाने हाकलला’ अशी गोष्ट रचू नका, बऱ्याचदा त्याचा वाटा आधीच दिलेला असायचा. सोबत घरातल्या सामानाची यादी असेल तर ती चुकवू नका, गायी किती, मेंढ्या किती, पिसांची गादी एक, चरखा एक. माझ्या सासरच्या एका म्हातारीच्या यादीत सगळ्यात महाग वस्तू गाय होती आणि दुसरी गादी.

आम्ही केरेडिगियनमध्ये जुनं दगडी घर घेतलंय. कोण राहत होतं, कधी बांधलं, काहीच माहीत नाही. शेजारी म्हणतात ‘फार जुनं आहे’. कसं शोधू?

पछाडलेला वाचक तो हाच.

तुम्हाला टाइद मॅप माहीत आहे का? चर्चला पूर्वी पिकाचा दहावा हिस्सा द्यावा लागायचा, १८३६ च्या कायद्याने तो धान्याऐवजी पैशात द्यायचा ठरलं, आणि कोणाकडून किती घ्यायचे ते ठरवायला गावोगाव जमीन मोजून नकाशे केले, बहुतेक १८३८ ते १८५० च्या दरम्यान. वेल्सचा जवळजवळ सगळा भाग त्यात येतो. नॅशनल लायब्ररीने तेही ऑनलाइन ठेवलेत, घराचं नाव टाका, नकाशावर तुकडा उघडतो, त्याला नंबर असतो, नंबरासमोर मालक कोण, कसणारा कोण, शेताचं नाव, काय पेरलंय, क्षेत्र किती. क्षेत्र एकर, रूड आणि पर्चमध्ये. घाबरू नका, एका एकरात चार रूड, एका रूडमध्ये चाळीस पर्च, म्हणजे आपल्या हिशेबात रूड म्हणजे दहा गुंठे आणि पर्च म्हणजे पाव गुंठा. सातबारा वाचलेल्या माणसाला हा नकाशा अर्ध्या तासात कळतो, इंग्लिश लोकांनाच जास्त वेळ लागतो.

शेतांची नावं वाचा हो नीट. ‘काय’ म्हणजे शेत (हो, काय म्हणजे शेत, आमच्या घरी यावर पुरेसे विनोद झालेत). काय दान टी म्हणजे घराखालचं शेत, कायर फिनॉन म्हणजे विहिरीचं किंवा झऱ्याचं शेत, काय पेला म्हणजे सगळ्यात लांबचं. ‘वाइन’ असेल तर ओलसर माळरान. झऱ्याचं शेत नकाशावर सापडलं तर एकदा बूट घालून पावसात तिकडे जाऊन बघा, आमच्याकडे तो झरा अजून आहे, काट्याकुट्यात लपलेला, आणि त्याच्या कडेला कोणीतरी बसवलेली एक सपाट फरशी, घडा ठेवायला असणार, झिजून मधे खोलगट झालीय. माझ्या एका वर्षाच्या शोधात जे मिळालं त्यापेक्षा ती फरशी जास्त बोलली.

मग त्या नकाशातलं नाव १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत शोधा. १८४१ मध्ये पंधरा वर्षांच्या वरच्या लोकांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलीत, म्हणजे ३९ चा माणूस ३५ दिसतो, आणि जन्म कुठला तर नुसतं ह्याच काउंटीत की नाही एवढंच. १८५१ मध्ये मात्र जन्माची पॅरिश मिळते. पुढे १९१० च्या सुमाराला सरकारने जमिनीवर कर लावायला प्रत्येक घराची पाहणी केली, त्या फील्ड बुक लंडनच्या क्यूमधल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत, त्यात खोल्या किती, छप्पर कसलं, अवस्था काय असं काय काय असतं. आणि जुने ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे सरकारी मोजणीचे, नकाशे स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीच्या साइटवर फुकट आहेत, वेल्सचेसुद्धा. वेल्सचे नकाशे स्कॉटलंडकडे बघायला जायचं, हे असंच असतं.

घराच्या नावात ‘हावोद’ असेल तर ते मूळचं उन्हाळ्यात गुरं वर डोंगरावर न्यायची तेव्हाचं घर, ‘हेन्द्रे’ असेल तर खालचं कायमचं. आणि शेजारी ‘एका रात्रीत बांधलंय’ म्हणाले तर ते थट्टा करत नाहीयेत, गायरानावर सूर्यास्त ते सूर्योदय एवढ्यात घर उभं करून पहाटे धुराड्यातून धूर काढून दाखवला तर ते घर आपलं, अशी तिकडे समजूत होती. कायदा तसा नव्हता पण लोक बांधायचे. तुमचं घर तसं असेल तर टाइद मॅपवर ते गायरानाच्या कडेला छोट्याशा तुकड्यात एकटंच दिसेल.

सासऱ्यांच्या गावी एक थडगं आहे, सगळं वेल्शमध्ये. मोबाइलवर ट्रान्सलेट केलं तर भलतंच काहीतरी येतं. वाचायचं कसं?

थडग्यावरची वेल्श ठराविक असते, वीस-पंचवीस शब्द आले की काम भागतं. वर बहुतेक ‘एर कोव्ह आम’, म्हणजे ‘च्या स्मरणार्थ’. ‘प्रिओद’ जोडीदार, ‘ग्वराइग’ बायको, ‘माब’ मुलगा, ‘मेर्ख’ मुलगी, ‘हेविद’ म्हणजे ‘आणि तसंच’, तिथून दुसरा माणूस सुरू होतो. ‘बी वार्व’ म्हणजे मृत्यू झाला, ‘म्लुइद ओएद’ म्हणजे वर्षं वयाचा.

फोन का गोंधळतो माहितीये? वेल्शमध्ये शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं. आपण पुणे, पुण्यात, पुण्याला करतो ना, तसंच सामान्यरूप, फक्त शेपटीऐवजी डोक्याला. प्रिओदचं ‘आन्विल ब्रिओद’ होतं, प्रिय जोडीदार. मायर म्हणजे मेरी, पण तिचं चर्च झालं की ल्लानवायर. काएर्दिद म्हणजे कार्डिफ, कार्डिफला जायचं तर ‘ई गाएर्दिद’ आणि कार्डिफमध्ये असाल तर ‘अंग ङाएर्दिद’. आपल्या वर्णमालेतला ङ शाळा सोडल्यापासून पहिल्यांदा उपयोगी पडला मला. म्हणून डिक्शनरीत शब्द मिळाला नाही की पहिलं अक्षर बदलून बघा, ब असेल तर प, ग असेल तर क, व असेल तर ब किंवा म.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत महिना ‘गोर्फ.’ असा तोडून लिहिलाय, तो जुलै, जुनं स्पेलिंग आहे. मार्च म्हणजे ‘माव्रथ’, आणि मंगळवारही माव्रथच, तिथे जपून. वयं कधी शब्दांत असतात, ‘ट्रिगाइन’ म्हणजे तीन वीस, साठ, ‘पेडवार इगाइन’ चार वीस, ऐंशी. आपली जुनी माणसं तीन विसा, चार विसा म्हणायची तेच. खाली चार ओळींची कविता असेल तर तो बहुधा ‘एंग्लिन’, तीस अक्षरांचा काटेकोर छंद, कधी कधी गावातल्याच कवीने मुद्दाम त्या माणसावर रचलेला, त्याचा अर्थ कोणा वेल्शभाषकालाच विचारा, ॲपला नको.

आणि प्लीज तारेच्या ब्रशने घासू नका. स्लेटचा दगड दीडशे वर्षांनीही काल कोरल्यासारखा दिसतो, ऊन तिरकं असताना सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा, नाहीतर आरसा घेऊन उजेड बाजूने पाडा, अक्षरं आपोआप उठतात. साधं पाणी आणि मऊ ब्रश, बस. तुमच्या फोटोत नावाखाली जो शब्द तुम्हाला ‘आडनाव असेल’ वाटला ते शेताचं नाव आहे बरं का. तुमचं अर्धं काम त्या एका शब्दाने केलंय.

नवऱ्याचे पणजोबा रोंदा व्हॅलीत कोळशाच्या खाणीत गेले असं घरात सांगतात. ‘मोठ्या स्फोटात’ म्हणतात, पण कुठल्या स्फोटात त्यांचं नाव सापडत नाही.

मोठ्या स्फोटात गेले असं जवळजवळ प्रत्येक घरात सांगतात. सेंघेनिदला १४ ऑक्टोबर १९१३ ला ४३९ खाणकामगार गेले, शिवाय मदतीला गेलेला एक, ब्रिटनमधला तो सगळ्यात मोठा खाण अपघात, आणि त्यानंतर मॅनेजरला दंड झाला २४ पौंड. पण सेंघेनिद रोंदामध्ये नाही, तिथून पूर्वेला एबर खोऱ्यात आहे, आणि खाणीत मेलेली बहुतेक माणसं मोठ्या स्फोटांत नाही, एकएकटी मेली. छत कोसळून, कोळशाच्या गाड्याखाली, दोर तुटून. त्यांचं स्मारक नसतं म्हणून घरातली गोष्ट हळूहळू मोठ्या स्फोटाला जाऊन चिकटते. खोटं कोणी बोलत नाही, होतं असं.

म्हणून आधी मृत्यूचा दाखला मागवा. अपघात असेल तर कारणापुढे तसं लिहिलेलं असतं आणि खबर देणारा म्हणून कॉरोनरचं, म्हणजे अकस्मात मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचं, नाव असतं. कॉरोनर दिसला की चौकशी झाली, चौकशी झाली की पेपरात आलं. वेल्श न्यूजपेपर्स ऑनलाइन ही नॅशनल लायब्ररीची साइट फुकट आहे, १९१९ पर्यंतची अकरा लाखांच्या वर पानं, इंग्लिश आणि वेल्श दोन्ही. आता युक्ती ऐका, नाव टाकून शोधू नका. छापील अक्षरं मशीनने वाचलेली असतात, पुसट पानावर डेव्हिसचं भलतंच काहीतरी झालेलं असतं. रस्त्याचं नाव टाका, खाणीचं नाव टाका, दाखल्यावरच्या तारखेनंतरचे दहा दिवस निवडा. मी एकाला असंच शोधलं, नावाने शून्य, रस्त्याच्या नावाने दुसऱ्या मिनिटाला. बातमी चार ओळींची होती. त्यात एवढंच की छताचा दगड पडला, सोबत त्याचा चौदा वर्षांचा मुलगा काम करत होता, आणि चौकशीत साक्ष त्या मुलानेच दिली. तो मुलगा म्हणजे नवऱ्याच्या मित्राचे आजोबा, ते म्हणे आयुष्यभर याबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

आणखी एक, रोंदा म्हणजे मूळ गाव समजू नका. १८५१ ला त्या खोऱ्यात हजारभर माणसं होती नव्हती आणि १९११ ला दीड लाखाच्या वर. सगळे कुठून कुठून आलेले, कार्डिगनशायरहून, नॉर्थ वेल्सच्या स्लेटच्या खाणी सोडून, इंग्लंडच्या समरसेट-डेव्हनहून. जनगणनेत जन्माची पॅरिश बघा आणि घरात भाडेकरू म्हणून राहणारी पोरं बघा, ती बऱ्याचदा एकाच गावची असतात. एक आला की मागून भाऊ, मेव्हणा, शेजारी.

चर्चच्या रजिस्टरमध्ये आमच्या लोकांचा एकही बाप्तिस्मा नाही. धर्मच नव्हता का यांना?

उलट जास्तच होता. १८५१ च्या धार्मिक गणनेत वेल्समध्ये प्रार्थनेला गेलेल्यांपैकी पाचातले चार जण सरकारी चर्चमध्ये नाही, चॅपलमध्ये गेलेले होते. मेथडिस्ट, इंडिपेंडंट, बॅप्टिस्ट, प्रत्येकाचं वेगळं चॅपल. १८३७ च्या सुमाराला बऱ्याच चॅपलांनी आपली जुनी रजिस्टरं सरकारला दिली, ती क्यूला आहेत आणि ऑनलाइन मिळतात. नंतरची मात्र विखुरलेली, काही नॅशनल लायब्ररीत, काही काउंटी आर्काइव्हमध्ये, काही गायब, कारण पाद्रीबुवा रजिस्टर स्वतःचं समजायचे आणि बदली झाली की बरोबर घेऊन जायचे. तुमची मंडळी बॅप्टिस्ट असतील तर तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा शोधूच नका, ते मोठेपणीच देतात. लग्न मात्र चर्चमध्ये सापडेल, १७५४ ते १८३७ क्वेकर (एक छोटा ख्रिस्ती पंथ) आणि ज्यू सोडून सगळ्यांना लग्न चर्चमध्येच करावं लागायचं, चॅपलवाल्यांनाही.

कोणत्या ऑफिसात काय मिळतं याची एक यादी द्याल का?

यादी देत नाही, कारण काउंट्याच बदलत राहिल्यात. जुन्या तेरा, १९७४ ला त्याच्या आठ केल्या, १९९६ ला बावीस. तुमच्या कागदावर मेरियोनेथ लिहिलं असेल तर आज ते बहुतेक ग्विनेदमध्ये आणि कागद डोल्गेख्लायच्या आर्काइव्हमध्ये. ग्लॅमॉर्गनचं कार्डिफला, ग्वेंटचं एब्बू व्हेलला, पेम्ब्रोकशायरचं हॅव्हरफर्डवेस्टला, अँगलसीचं ल्लानगेव्हनीला. जायच्या आधी ईमेल करून कागद राखून ठेवायला सांगा, पेन नेऊ नका, पेन्सिलच चालते. आणि वंशावळीच्या साइटचं सबस्क्रिप्शन घ्यायच्या आधी जवळच्या पब्लिक लायब्ररीत विचारा, पुष्कळ ठिकाणी तिथल्या कॉम्प्युटरवर फुकट बघता येतं. दुसऱ्यांनी टाकलेली तयार झाडं बघा पण कॉपी करू नका. माझं फ्रेमवालं झाड मी मोठ्या उत्साहाने ऑनलाइन टाकलं होतं, काढलं तोवर अकरा जणांनी घेतलं होतं. अजून फिरतंय.

माझ्या पणजोबांचा भाऊ कोकणातला, बोटीवर खलाशी, ‘कार्डिफला उतरला आणि परत आला नाही’ एवढंच घरात माहीत आहे. काही आशा?

आहे, पण थोडी. लास्कर म्हणून घेतलेल्या हिंदी खलाशांची नावं इंग्लिश कारकुनांनी कानाला जशी लागली तशी लिहिली, आणि बऱ्याच कागदांत तर नुसता आकडा, नावंच नाहीत. तरी कार्डिफमध्ये नोंदलेल्या जहाजांचे खलाशी करार ग्लॅमॉर्गन आर्काइव्ह्जमध्ये आहेत, साधारण १८६३ ते १९१३ चे, आणि १९१५ च्या खलाशांची यादी ऑनलाइन फुकट आहे. १९१८ ते १९२१ मधल्या खलाशी-कार्डांवर फोटोसुद्धा असतो, तो सापडला तर घरच्या नाकाशी जुळवून बघा. तो खरंच तिथे राहिला असेल तर गोदीजवळच्या ब्यूटटाउनमध्ये राहिला असेल, टायगर बे म्हणतात तो भाग, आणि तिथल्या मुलीशी लग्न केलं असेल तर दाखल्यावर बापाचं नाव असेल. स्पेलिंगवर जाऊ नका, मोठ्याने वाचा, कारकुनाने ऐकलं तसं. १९२५ च्या परदेशी ‘रंगीत’ खलाशांच्या हुकुमाखाली कार्डिफच्या पोलिसांनी हिंदी माणसांनाही, ती ब्रिटिश प्रजा असूनसुद्धा, कागद दाखवता आला नाही म्हणून परदेशी ठरवून नोंदवलं होतं. लाज वाटण्यासारखी गोष्ट, पण तुमच्यासाठी त्यातूनच एखादा कागद निघू शकतो.

सासूबाईंच्या मावशी ९१ वर्षांच्या आहेत, ब्लायनाय फेस्टिनिओगजवळ राहतात. पुढच्या महिन्यात भेटतोय. काय विचारू?

जन्मतारखा विचारू नका, त्या कागदात आहेत. त्यांना चॅपल कोणतं आणि तुम्ही कुठे बसायचात ते विचारा. घराण्याची बाकं ठरलेली असायची, भाडं भरून घेतलेली, त्यामुळे मावशी डोळे मिटून सांगतील की आमच्या पुढे अमक्या घरचे, मागे तमक्या घरचे, आणि तुम्हाला न विचारता अख्खं गाव मिळेल. माणसांना तिकडे कोणी आडनावाने ओळखत नाही, कामावरून नाहीतर घरावरून टोपणनाव असतं, तेही विचारा, थडग्यावर आणि पेपरात कधी कधी तेच छापलेलं असतं.

फोटोंचा डबा काढायला लावा आणि प्रत्येक फोटो उलटा करा. मागे स्टुडिओचा शिक्का असतो, गाव असतं, कधी पेन्सिलीने दोन अक्षरं. स्लेटच्या खाणीत वडील होते का, १९०० ते १९०३ च्या पेनरिन खाणीच्या संपाबद्दल घरात काही बोलायचे का, हे मात्र हळूच विचारा. तो संप फेस्टिनिओगला नाही, बेथेस्डाला झाला, पण संपवाल्या घरांच्या खिडकीत ‘या घरात कोणी फितूर नाही’ अशी पाटी असायची, आणि ज्यांच्या खिडकीतून ती निघाली त्यांची नातवंडं अजून विषय बदलतात. मावशींनी विषय बदलला तर तुम्हीही बदला.

आणि घरांची नावं त्यांच्या तोंडून रेकॉर्ड करा, एकेक करून, सावकाश, दोनदा. लिहिलेलं ल्ल कसं म्हणायचं ते तुम्हाला कुठल्याही कागदातून कळणार नाही, जीभ ल वर ठेवून बाजूने हवा सोडायची असते, मला चार वर्षं लागली. तुम्ही चुकीचं म्हणाल, त्या हसतील, मग पुढचं आपोआप निघेल. फोन आदल्या रात्री चार्ज करून ठेवा, माझा नेमका ‘टिन-अ-कोएडला ना, तिथे तर…’ इथे बंद पडला होता.